दहा एकर जमीन, एक सेप्टिक आणि मेट कौन्सिलचा आढावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या स्कॉट काउंटीत, एका टाउनशिपमध्ये (काउंटीतला ग्रामीण स्थानिक घटक), दहा एकरांचा तुकडा तुम्हाला पसंत पडला आहे. तिथे गटाराची वाहिनी नाही, त्यामुळे घराचे सांडपाणी सेप्टिकवरच जाणार. जमीन दाखवणारा एजंट सांगतो की काउंटीचा २०५० चा आराखडा झाला की याच जमिनीचे अडीच-अडीच एकरांचे चार प्लॉट पाडता येतील. शेजारी सांगतो की हा आराखडा मेट कौन्सिलकडे, म्हणजे मिनिआपोलिस–सेंट पॉल महानगराच्या प्रादेशिक नियोजन संस्थेकडे, तपासणीला जातो आणि कौन्सिल यापुढे नवीन सेप्टिक होऊच देणार नाही. यांपैकी खरे कोण आणि हा आढावा पूर्ण होईपर्यंत खरेदी थांबवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी आधी बरीच वर्षे सेप्टिकसाठी माती तपासण्याचे आणि रचना काढून देण्याचे काम केले आणि नंतर टाउनशिपा व काउंट्यांच्या जमीनवापर नियोजनात आलो. या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून सांगतो की तुमचे दोन्ही सल्लागार एकाच ठिकाणी चुकत आहेत. एका भागात किती घरे बसावीत, त्या घरांची व्यवस्था काउंटी नीट सांभाळू शकेल का आणि तुमच्या तुकड्यावर सेप्टिक बसते का, हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे तीन निराळ्या ठिकाणी मिळतात. मेट कौन्सिल पहिल्या दोन प्रश्नांत लक्ष घालते. तिसऱ्याशी तिचा संबंध नाही. तुमच्या सेप्टिकचा परवाना काउंटी देते, राज्याच्या ७०८० ते ७०८३ क्रमांकांच्या नियमांनुसार देते, आणि त्या कागदावर कौन्सिलची सही कुठेही लागत नाही.

मग प्रादेशिक संस्थेने सेप्टिकच्या प्रकरणात डोकावावेच का, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर या संस्थेच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिनिआपोलिस आणि सेंट पॉल यांच्या भोवतीची उपनगरे झपाट्याने वाढली. लहान प्लॉटवर एका कोपऱ्यात विहीर आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेप्टिक, अशी हजारो घरे झाली. १९५९ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने तपासणी केली तेव्हा या खाजगी विहिरींपैकी फार मोठ्या संख्येत सांडपाण्याचे अंश सापडले. प्रत्येक गावाने आपापल्या हद्दीपुरते नियम पाळले होते, तरी जमिनीखालचे पाणी हद्द पाळत नव्हते. १९६७ मध्ये विधिमंडळाने मेट्रोपॉलिटन कौन्सिल स्थापन केली, तिच्यामागच्या प्रमुख कारणांत हे एक होते. पुढे १९७६ च्या महानगर भूनियोजन कायद्याने महानगराच्या सातही काउंट्यांतील स्थानिक संस्थांना सर्वंकष आराखडा करणे आणि तो कौन्सिलकडे आढाव्यासाठी पाठवणे बंधनकारक केले. तुमच्या जमिनीखालच्या पाण्याचेही तेच आहे. महानगराचा मोठा भाग ज्या प्रेरी डू शीन–जॉर्डन जलधरातून (पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या खडकांच्या थरांतून) पाणी उपसतो, त्यातल्या जॉर्डन वालुकाश्माला नाव स्कॉट काउंटीतल्याच जॉर्डन गावावरून पडलेले आहे.

आढाव्यात कौन्सिल मुख्यतः तीन गोष्टी पाहते. आराखडा प्रादेशिक व्यवस्थांशी, म्हणजे सांडपाणी, वाहतूक आणि उद्याने यांच्या आराखड्यांशी जुळतो का. कौन्सिलच्या धोरणांशी सुसंगत आहे का. आणि शेजारच्या गावांच्या, शहरांच्या आराखड्यांना छेद तर देत नाही ना. स्कॉट आणि कार्व्हर या काउंट्यांत टाउनशिपांचे नियोजन काउंटी स्वतः करते, त्यामुळे तुमच्या बाबतीत काउंटीचाच आराखडा पाहावा लागेल. डकोटा काउंटीत असता, तर मी तुम्हाला आधी टाउनशिपच्या कार्यालयात पाठवले असते. सेप्टिकपुरते बोलायचे तर आराखड्यात काउंटीला किती जुन्या व्यवस्था आहेत, त्या नकाशावर कुठे आहेत, नादुरुस्त म्हणून कोणत्या ठाऊक आहेत, कोणत्या भागात सार्वजनिक वाहिनी येणार नाही आणि टाक्यांची देखभाल दर तीन वर्षांनी होते की नाही यावर लक्ष कसे ठेवले जाते, हे सांगावे लागते. आराखड्यातले असे प्रकरण लिहिण्यात मी भाग घेतलेला आहे. सर्वांत जास्त वेळ जातो तो जुन्या नोंदी शोधण्यात, कारण कित्येक दशकांपूर्वी बसवलेल्या टाकीचा कागद बहुधा कुणाकडेच नसतो आणि टाकी कुठे आहे हे गवताचा रंग पाहून ओळखावे लागते.

आता चार प्लॉटांकडे येऊ, कारण तुमच्या खरेदीचे खरे गणित तिथे अडलेले आहे. कौन्सिलने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वीकारलेल्या 'इमॅजिन २०५०' या प्रादेशिक आराखड्यात प्रत्येक गावाला एक वर्ग दिलेला आहे. ग्रामीण भागासाठी त्यांपैकी तीन महत्त्वाचे. 'डायव्हर्सिफाइड रूरल' भागात सरासरीने ४० एकरांत चार घरे, म्हणजे दहा एकरांना एक. 'अ‍ॅग्रिकल्चरल' भागात ४० एकरांत एकच. 'रूरल रेसिडेन्शियल' म्हणजे जिथे एक ते अडीच एकरांचे प्लॉट पूर्वीच पडून गेलेले आहेत असे भाग; ते आहेत तसे मान्य केले जातात, परंतु हा नमुना पुढे पसरू नये असे धोरण आहे. हा ४० चा आकडा जुन्या सरकारी मोजणीतून आला आहे. ६४० एकरांच्या एका सेक्शनचा सोळावा भाग ४० एकरांचा असतो. आपण एक एकर म्हणजे ४० गुंठे असा हिशेब करत वाढलो, त्यामुळे सुरुवातीला माझीही गफलत व्हायची आणि 'फोर्टी' म्हटले की डोळ्यासमोर एकच एकर यायचा.

तुमची जमीन डायव्हर्सिफाइड रूरल भागात असेल, तर दहा एकरांना एक घर हाच हिशेब लागू होईल, आणि एजंट सांगतो ते चार प्लॉट होण्यासाठी काउंटीला त्या भागाची घनता चौपट करावी लागेल. तसा मजकूर आराखड्यात आला, तर आढाव्यात त्यावर नेमके बोट ठेवले जाईल. अपवाद होत नाहीत असे नाही. स्कॉट काउंटीच्या नकाशावर अडीच एकरांच्या प्लॉटांचे भाग आधीपासून आहेत, आणि तुमचा तुकडा अशा भागात मोडत असेल तर उत्तर बदलते. म्हणून 'अमुक होईल' असे ऐकून न घेता तुकड्याचा पार्सल क्रमांक घेऊन काउंटीच्या नियोजन विभागात जावे आणि दोन गोष्टी विचाराव्यात: जमीन आज कोणत्या झोनिंग विभागात (तिथे काय आणि किती बांधता येते हे ठरवणाऱ्या विभागात) मोडते, आणि आराखड्याच्या नकाशावर या जमिनीचा भावी वापर काय दाखवला आहे. या दोन उत्तरांत फरक असेल, तर त्याचे कारणही विचारावे.

अडीच एकर प्लॉटवर इतका आक्षेप का, हे समजले नाही तर हे सगळे नुसती अडवणूक वाटते. अडीच एकरांचा चौकोनी प्लॉट म्हणजे ३३० फूट गुणिले ३३० फूट. शहरी प्लॉटची रुंदी ८० फुटांच्या आसपास धरली, तर जेवढ्या रस्त्यालगत शहरात चार घरे येतात तेवढ्यात इथे एक येते. पंचवीस-तीस वर्षांनी त्या भागातल्या सेप्टिक थकल्या, किंवा शेजारचे शहर वाढत येऊन तिथे वाहिनी टाकायची वेळ आली, की चार घरांत वाटला जाणारा खर्च एकट्या घरावर बसतो. ते घर तो पेलू शकत नाही, आणि मग तो भाग वाहिनीविनाच राहतो किंवा त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. वाहिनी जिथे पोचायची त्या प्रक्रिया केंद्राची क्षमता, मुख्य वाहिन्यांचा व्यास, हे सर्व कौन्सिलने कुठे किती घरे येतील याच्या अंदाजावर ठरवलेले असते. शाकोपीचे ब्लू लेक प्रक्रिया केंद्र काही रातोरात वाढवता येत नाही. दहा एकरांना एक घर असेल तर तो भाग खऱ्या अर्थाने ग्रामीण राहतो, सेप्टिक दीर्घकाळ चालते, आणि पुढे कधी शहर आलेच तर मोठा तुकडा नव्याने पाडता येतो. अडीच एकरांचे प्लॉट शेतीला लहान पडतात आणि वाहिनीला मोठे पडतात.

याच कारणासाठी शहरांच्या कडेला काही पट्टे राखून ठेवलेले असतात, जिथे सध्या ४० एकरांत एकच घर चालते. तुमचा तुकडा अशा राखीव पट्ट्यात असेल, तर शेजारचे शहर आणि टाउनशिप यांच्यात जमीन टप्प्याटप्प्याने शहरात सामील करून घेण्याचा करार आहे का, हे जरूर विचारा. करार असेल तर काही वर्षांनी तुमच्या घरासमोर वाहिनी येईल, शहराचे नियम लागू होतील, आणि नवीकोरी सेप्टिक असूनही जोडणी घ्यावी लागण्याची शक्यता राहील. अशा जागी मी घर तुकड्याच्या मधोमध कधीच ठेवू देत नाही. पुढच्या रस्त्यांच्या आणि प्लॉटांच्या रेषा आधीच कागदावर आखतो, आणि घर त्यातल्या एका प्लॉटमध्ये बसेल असे ठेवतो. इथे त्याला 'घोस्ट प्लॅट' म्हणतात. नाव भुताटकीचे असले, तरी पुढे जमीन विकताना त्याचा चांगला पैसा होतो.

कौन्सिलकडे खरेच अधिकार आहे की ती केवळ शिफारस करते, असाही प्रश्न पुष्कळांना पडतो. वॉशिंग्टन काउंटीतील लेक एल्मो या गावाने तो कोर्टात नेऊन पाहिला. गावाला आपले ग्रामीण स्वरूप टिकवायचे होते; प्रादेशिक वाहिन्या जवळ आलेल्या असल्यामुळे तिथे अधिक घरे सामावून घ्यावीत, असा कौन्सिलचा आग्रह होता. २००४ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. आराखड्याचा प्रादेशिक व्यवस्थेवर मोठा परिणाम होत असेल, किंवा तो तिच्यापासून फार फारकत घेत असेल, तर बदल करायला लावण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. गंमत अशी की त्या प्रकरणात कौन्सिल घरे वाढवायला सांगत होती, आणि तुमच्या बाबतीत ती बहुधा कमी ठेवायला सांगेल. तुमच्या शेजाऱ्याचा समज इथेच चुकतो. सेप्टिक असावी की नसावी, हा कौन्सिलचा मुद्दा नसतो. जिथे वाहिनी आहे तिथे घरे दाट हवीत आणि जिथे नाही तिथे ती विरळच राहावीत, एवढाच तिचा आग्रह असतो. एकच मोठी सामूहिक सेप्टिक बांधून तिच्यावर पंधरा-वीस घरे जोडण्याची सूचना कधीकधी येते. दिवसाला १०,००० गॅलनांहून अधिक सांडपाणी झाले की तिला राज्याचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि ती बिघडली तर पैसा कौन्सिल देत नाही, हे तिच्या धोरणात स्पष्ट आहे.

थांबावे का, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. २०५० चे आराखडे २०२८ च्या अखेरीपर्यंत सादर व्हायचे आहेत. सादर करण्याआधी शेजारच्या संस्थांना वाचायला सहा महिने द्यावे लागतात, आणि आराखडा परिपूर्ण आहे असे ठरल्यावर कौन्सिलला आढाव्यासाठी १२० दिवस मिळतात. त्यानंतर काउंटी तो स्वीकारणार आणि मग झोनिंगचे नियम त्याला जुळवून घेणार. तोपर्यंत २०४० चाच आराखडा लागू राहतो. म्हणजे तुम्हाला एकच घर बांधायचे असेल, आणि आजच्या झोनिंगमध्ये ते बसत असेल, तर या आढाव्यासाठी दोन-तीन वर्षे अडून राहण्यात अर्थ नाही. आणि चार प्लॉट पडतील या आशेवर एजंट जादा किंमत मागत असेल, तर तो पैसा आज देण्याचे काहीही कारण मला दिसत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि मला विचाराल तर तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे माती. तुम्ही लिहिले आहे की ऑगस्टमध्ये जमीन पाहिली तेव्हा ती खडखडीत कोरडी होती. त्यावर माझा विश्वास आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये अशाच एका तुकड्यावर मी माती पाहायला गेलो होतो. मालक कातडी बूट घालून आले होते आणि बुटाला चिखलाचा ठिपकाही लागला नव्हता. मी हाताचा ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, फिरवून माती वर काढली आणि सळीसारखी पट्टीशेजारी मांडली. वरचा काळा थर, खाली तपकिरी, आणि १४ इंचांवर राखाडी डाग, त्यांच्या कडेला गंजासारखी नारिंगी झाक. मातीचा रंग ठरवायच्या मनसेलच्या रंगपुस्तिकेत रंगाच्या चकत्यांशेजारी भोके असतात. मातीचा ढेकूळ मागे धरून चकतीशी जुळवायचा असतो. मालकांनीच पुस्तिका हातात घेतली, दोनदा जुळवून पाहिले आणि विचारले, "पण पाणी कुठे आहे?" पाणी वसंतात होते. माती बराच काळ पाण्याने भरून राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो, सूक्ष्मजीव लोहावर काम करू लागतात, लोह विरघळून सरकते आणि राखाडी डाग मागे उरतो. पाणी उतरले तरी हा डाग जात नाही. म्हणून राज्याचे नियम कोरड्या दिवसावर विसंबत नाहीत. ते डाग कुठे सुरू होतात ते पाहतात.

नवीन व्यवस्थेत ड्रेनफिल्डच्या, म्हणजे टाकीतून येणारे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या भागाच्या, तळापासून अशा संपृक्त थरापर्यंत किंवा खडकापर्यंत किमान तीन फूट माती लागते, कारण सांडपाण्यातले जंतू मारण्याचे खरे काम टाकीपेक्षा ही कोरडी माती करते. डाग १४ इंचांवर असतील तर ३६ मधले उरलेले २२ इंच स्वच्छ वाळू घालून वर उचलावे लागतात. त्यालाच माउंड म्हणतात. पंप, दाबाने वाटप करणारे पाइप, वाळू आणि वरची माती हे सगळे आले की साध्या खंदकांपेक्षा खर्च पुष्कळ वाढतो. स्कॉट काउंटीच्या टेकड्यांवर लेस्टर जातीची, बऱ्यापैकी निचऱ्याची माती सापडते. उतरत्या बाजूला ल सूर, सपाटीला कॉर्डोवा, आणि खोलगट जागी ग्लेनको जातीची. घराला सुंदर वाटणारी झाडांखालची सपाट जागा आणि सेप्टिकला हवी असलेली जागा बहुतेक वेळा एकच असते, आणि वाद तिथेच सुरू होतो. त्यात २३ जानेवारी १९९६ नंतर पाडलेल्या प्लॉटवर पहिल्या ड्रेनफिल्डखेरीज दुसऱ्यासाठीही योग्य जागा राखून ठेवावी लागते.

ही दुसरी जागा कशी हातची जाते, ते मी माझ्याच चुकीतून शिकलो. एका घरासाठी मी दोन्ही जागा नकाशावर दाखवल्या होत्या, पण प्रत्यक्ष जमिनीवर खुंट्या आणि दोरी लावली ती फक्त पहिल्या जागेभोवती. बांधकामवाल्याने दुसऱ्या जागेवर जोत्याची माती टाकली, आणि महिनाभर ट्रक तिथूनच फिरले. मातीचे थर दाबले गेले, पाणी मुरेनासे झाले, आणि मालकाची राखीव जागा घर उभे राहण्याआधीच संपली. तेव्हापासून दोन्ही जागांना नारिंगी जाळी लागल्याशिवाय मी कुणाला खोदकाम सुरू करू देत नाही.

आकारमानाचा हिशेब बेडरूमवर चालतो. चार बेडरूमच्या घराला दिवसाला ६०० गॅलन, म्हणजे साधारण २,२७० लिटर सांडपाणी धरतात आणि टाकी १,५०० गॅलनांची लागते. सिंकखाली कचरा दळणारे यंत्र बसवणार असाल, तर टाकी आणखी मोठी घ्यावी लागेल. घरी आईवडील येऊन सहा-सहा महिने राहणार, रोज दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक होणार, असे असेल तर रचनाकाराला ते आधीच सांगा. तेलकट पातेल्यांचे पाणी नियमाच्या तक्त्यात वेगळे मोजलेले नसते, पण टाकीत त्याचा साय धरल्यासारखा थर बसतो.

या सगळ्यात तुमच्या खास परिस्थितीवर अवलंबून असलेले बरेच काही उरते: तुकडा कधी पाडला गेला, शेजाऱ्याची विहीर किती खोल आहे, जवळ तळे किंवा पाणथळ जागा आहे का, आणि शेताखालून जुने निचऱ्याचे पाइप गेले आहेत का. विहिरीबाबत एवढे लक्षात असू द्या की उथळ विहिरीपासून ड्रेनफिल्ड १०० फूट दूर लागते आणि खोलवर केसिंग असलेल्या विहिरीपासून ५० फूट. म्हणजे शेजाऱ्याची जुनी, उथळ विहीर तुमच्या कुंपणालगत असेल, तर तुमच्या दहा एकरांतला एक चांगला पट्टा आधीच गेलेला असतो.

तुमच्या जागी मी असतो, तर खरेदीच्या करारात एकच अट हट्टाने घातली असती: राज्याचा परवाना असलेल्या रचनाकाराने दोन ड्रेनफिल्डच्या जागा मातीत सिद्ध केल्या तरच व्यवहार पक्का, नाहीतर इसार परत. विक्रेता याला नकार देत असेल, तर त्याला जमिनीबद्दल काय माहीत आहे हे मी विचारले असते. आणि हे काम नोव्हेंबरच्या आत उरकून घ्या. जमीन गोठली की ऑगर आत जात नाही, आणि एप्रिलपर्यंत कुणीही रचनाकार तुम्हाला खात्रीचे उत्तर देऊ शकणार नाही.